आधी श्वास, मग पंचनामा

लहानपणी अब्बांबरोबर एस.टी.ने धुळ्याहून एरंडोलला यायचो. एकदा पारोळ्याच्या अलीकडे ट्रकने उडवलेला सायकलवाला रस्त्याकडेला पडला होता. कुणी ओरडलं, "पाणी पाजा!" दुसरा म्हणाला, "हात लावू नका, पोलीस केस आहे." दोन्ही सल्ले चुकीचे होते, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

पोलिसांच्या भीतीचं आधी सांगतो. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. जवळच्या दवाखान्याने, मेडिको-लीगल केस आम्ही घेत नाही म्हणून त्याला वीस किलोमीटरवर पाठवलं. वाटेतच तो गेला. या बातमीवरून परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी कोर्टाने बजावलं: डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर.

आता पाण्याचं. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या हाडांच्या सर्जनचं छोटं विमान शेतात कोसळलं. बायको गेली. चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. रस्त्यावर गाडी थांबवून त्यांनी मुलांना गावच्या छोट्या दवाखान्यात नेलं, तर तिथे अशा जखमींची तयारीच नव्हती. त्या दुःखातून १९७८ मध्ये डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम उभा राहिला, तो पुढे जगभर गेला. त्याचं सार म्हणजे क्रम. जे आधी मारतं, ते आधी बघा: श्वासाची वाट मोकळी आहे का (मान न हलवता), श्वास चालू आहे का, रक्त कुठून जातंय, शुद्ध किती आहे, मग कपडे काढून सगळं अंग. मोडलेला पाय भयंकर दिसतो, पण तो थांबू शकतो. रक्ताची धार लागली असेल तर ती सगळ्यांच्या आधी, कापड घट्ट दाबून. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी त्याच श्वासाच्या वाटेत उतरतं.

आपल्याकडे अशा वेळी अज़-ज़हरावीचं नाव घ्यायची हौस असते. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या या जर्राहाने रक्तवाहिनी दोऱ्याने बांधायचं लिहून ठेवलं, खरंच. पण त्या अभिमानाने पारोळ्याच्या रस्त्यावर कुणाचं रक्त थांबलं नाही.

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. त्यानंतर नववीच्या वर्गात मी हा क्रम शिकवला. जखमेवर ओढणी कशी दाबायची, १०८ ला ठिकाण कसं सांगायचं, सगळं करून घेतलं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, पोलीस नाव विचारतील ना?"

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४-अ मी फळ्यावर लिहिलं: मदत करणाऱ्यावर खटला नाही. नियमांप्रमाणे नाव सांगायची सक्तीही नाही. खाली तेच उर्दूत लिहिलं, घरी दाखवायला.