कढई, भाड आणि भट्टी : कुरकुरीत फराळाचा इतिहास

मी रायपूरहून बोलतोय. या मालिकेत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या, तह पाहिले. आज फराळाच्या ताटात डोकावायचे आहे. दिवाळी जवळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : चकली, शंकरपाळे, करंजी हे सगळे ओव्हनमध्ये भाजून केले तर चालेल का? विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. कोणाला मधुमेह, कोणाच्या छातीत स्टेंट, आणि डॉक्टरांनी तळण बंद केलेले.

घरात या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. एक : "भट्टीतले खाणे साहेबांचे, आपला फराळ म्हणजे तळणच." दुसरे : "भाजलेले आहे ना, मग कितीही खा." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिले इतिहासाला धरून नाही आणि दुसरे शरीराला परवडणारे नाही. म्हणून आधी इतिहास बघू, मग ओव्हनकडे वळू.

तेलाच्या आधीचा कुरकुरीतपणा

छत्तीसगढ हा धानाचा मुलूख. इथला सर्वांत जुना कुरकुरीत पदार्थ म्हणजे मुर्रा, आपले चुरमुरे. तांदूळ उकडायचा, वाळवायचा, मीठ लावायचे आणि भाडातल्या तापलेल्या वाळूत टाकायचा. दाण्याच्या पोटातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि दाणा फुलतो. तेलाचा थेंब लागत नाही. लाह्या, फुटाणे यांचीही तीच रीत. जत्रेत मिळणारा गुळात घोळवलेला उखरा याच घराण्यातला.

दुसरी जुनी रीत निखाऱ्यांची. छत्तीसगढची अंगाकर रोटी तांदळाच्या पिठाची असते. पानांमध्ये गुंडाळून ती निखाऱ्यांवर भाजतात आणि तिचे वरचे कवच खरपूस होते. विदर्भातल्या मंडळींना इथे रोडगे आठवतील. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, बाहेरून कडक, आतून मऊ. घरात यंत्र नव्हते, पण चारी बाजूंनी कोरडी आच देऊन भाजणे म्हणजे ओव्हनच की!

तिसरे उदाहरण बेळगावचे. तिथले लग्नातले मांडे पाहा. पापुद्र्यासारखी पातळ पोळी, आत साखरेचे सारण, उलट्या घातलेल्या भांड्याच्या पाठीवर भाजून घडी घातलेली. हात लावला तर मोडेल इतकी कुरकुरीत. मांडे हा पदार्थ जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचवलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही त्याचे वर्णन येते. म्हणजे मराठी मुलखातल्या मंगलकार्याच्या ताटात न तळलेला कुरकुरीत पदार्थ कित्येक शतके मानाने बसला आहे.

मग तळण नव्हते का? होते. मानसोल्लासात पुऱ्या आणि वडेही आहेत. पण तेल बैलाच्या घाण्यावर निघायचे. तीळ, जवस, करडई, इकडे मोहाच्या बियांचे डोरी तेल. दिवसभर बैल फिरला तरी हाती येणारे तेल मोजकेच. सामान्य घरात कढईभर तेल तापवणे ही सणाची गोष्ट होती. म्हणून छत्तीसगढमध्ये ठेठरी आणि खुरमी पोळा-तीजेला. बेसनाची खारी ठेठरी आणि कणीक-गुळाची खुरमी. खुरमी खाल्लीत तर ती शंकरपाळ्याची सख्खी मावसबहीण आहे, हे तुम्हाला सांगावे लागणार नाही.

तळण सर्वत्र का पसरले?

चव हे एक कारण झाले. दुसरे कारण आपण विसरलो आहोत, ते म्हणजे सोवळे-ओवळे.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात 'खरकटे' हा मोठा शब्द होता. पाण्यात शिजलेला भात, पाण्यात भिजवलेली पोळी हे खरकटे. तळलेले तसे नाही. उत्तरेत आणि छत्तीसगढमध्ये याच फरकाला कच्ची रसोई आणि पक्की रसोई म्हणतात. कच्ची रसोई आपल्याच जातीच्या हातची हवी. पक्की म्हणजे तुपातेलात तळलेली रसोई मात्र इतरांच्या हातचीही चालते आणि प्रवासातही चालते. हलवाई सगळ्या गावाला कचोरी विकू शकतो, यामागे हा नियम आहे.

आता आपल्या लोकांचा इकडचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत रतनपुरावर आला. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात बसून कारभार केला. पुढे सुभेदार आले, १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीत कारभाराचे ठाणे रायपूरला आले. या सगळ्या काळात कारकून, फडणीस, शिलेदार, भिक्षुक नागपुराहून येत राहिले. नागपूर ते रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर. बैलगाडीने कित्येक मुक्काम. अशा वाटेवर शिदोरीत काय जाणार? दशमी, कारण ती दुधात भिजवलेली, म्हणून सोवळ्याला चालणारी. आणि तळणाचे डबे, कारण ते टिकाऊही आणि शुद्धही. तळण हा त्या काळचा परवाना होता. तो दाखवला की कुठेही खाता येत होते.

भट्टीवर बहिष्कार

भट्टीच्या वाट्याला याच्या उलट आले. पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला, शब्दही त्यांच्याच भाषेतून. गोव्यातले पोदेर पीठ फुगवायला माडाची ताडी वापरत. परका धर्म, त्यात ताडी, त्यात पाण्यात भिजवलेले पीठ. सनातनी माणसाला बाटायला आणखी काय हवे? "विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटला" अशा कथा आपण लहानपणी ऐकल्या आहेत.

याचा कळस पुण्यात झाला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे आली. बोलावणे गोपाळराव जोशींच्या खटपटीने गेलेले. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळरावांनी नंतर सगळ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, बहिष्काराची भाषा झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एक पेला चहा आणि एक बिस्कीट!

हसू येते, पण विचार करा. ज्या समाजात बिस्कीट खाल्ल्याबद्दल न्यायमूर्तींना प्रायश्चित्त घ्यावे लागते, त्या समाजातली गृहिणी फराळासाठी भट्टी कशी वापरेल? भट्टी घराबाहेर राहिली आणि कढई घरात राहिली. पुढे काळ बदलला. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या कारखान्याने १९३९ पासून बिस्किटे बनवली आणि तीच बिस्किटे घराघरांत चहाच्या बशीत आली. बाटणे संपले, तरी "फराळ म्हणजे तळण" ही सवय तशीच राहिली.

फौजेतला शक्करपारा

आता थोडे माझ्या घरचे. फौजेत शिधा हा विनोदाचा विषय नसतो. कंपनी मोहिमेवर निघाली की लंगरात पुऱ्या आणि शक्करपारे तळले जातात. शक्करपारा खिशात राहतो, गोठत नाही, विटत नाही, आग न पेटवता खाता येतो. दिवसभर वजन पाठीवर घेऊन चढणाऱ्या जवानाला त्यातले तूप आणि साखर दोन्ही लागतात. तिथे तळण बरोबरच आहे.

पण याच पदार्थाचा भट्टीतला अवतारही फौजेने पाहिला आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये विंगेटची चिंडिट तुकडी चिंडविन नदी ओलांडून ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसली. त्यांना विमानातून मिळणाऱ्या एका दिवसाच्या शिध्यात बारा औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, 'शकापुरा' बिस्किटे असत. सोबत थोडे चीज, मनुका-बदाम, चहा, साखर. नाव ऐकताच आपला कान शक्करपाऱ्याकडे जातो. कढईतला आपला खाऊ असा लष्करी बिस्किटाच्या रांगेत जाऊन बसला. गोरे, गुरखे, बर्मी सगळे तेच चावत जंगल तुडवत होते.

मला काळजी आहे ती पुढच्या टप्प्याची. पाठीवरचे ओझे उतरते, चढण संपते, निवृत्ती येते, पण हाताला शक्करपाऱ्याची सवय तीच राहते. माझ्या बरोबरीचे कितीतरी धडधाकट अधिकारी-जवान शत्रूच्या गोळीतून वाचले आणि साठीत हृदयविकाराने गेले. दोष एकट्या तळणाचा नाही. तंबाखू आहे, बैठे दिवस आहेत. पण तळण त्यात आहे.

तेल स्वस्त झाले तेव्हा

सणाचे तळण रोजचे कधी झाले? १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून गोठवलेले, तुपासारखे दिसणारे आणि तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक, हे कळायला पुढची कित्येक दशके गेली. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि चौकाचौकात कढया चढल्या. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. ट्रान्स चरबीवर सरकारने जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के अशी मर्यादा घातली.

म्हणजे आपल्या पणजोबांनीही तळलेले खाल्ले, पण वर्षातून मोजक्या वेळा. आपण खातो ते रोज संध्याकाळी. "परंपरा" म्हणून आपण ज्याचा बचाव करतो, त्यातला बराचसा भाग १९९४ नंतरचा आहे.

ओव्हन काय करतो, काय करत नाही

कुरकुरीत होणे म्हणजे ओलावा बाहेर जाणे. कढईतले १७०-१८० अंशांचे तेल पदार्थाला सगळीकडून बिलगते, पाण्याची वाफ झपाट्याने निघते आणि रिकाम्या झालेल्या छिद्रांत तेल शिरते. ओव्हनमधली हवा तेवढ्याच अंशांवर असली तरी उष्णता हळू पोचवते. म्हणून वेळ जास्त आणि लाटणे पातळ हवे. २०१० मध्ये आलेला एअर फ्रायर हा पंखा लावलेला छोटा ओव्हनच आहे. नाव फ्रायर असले तरी त्यात तळत काही नाही.

आमच्याकडे जमलेले सांगतो. शंकरपाळे आणि खुरमी उत्तम होतात. ओव्हन आधी तापवायचा, १६०-१७० अंश, वीस-पंचवीस मिनिटे, मध्ये एकदा उलटायचे. करंजीला वरून तुपाचा हलका हात फिरवला की छान रंग येतो. ठेठरी बारीक वळून मंद आचेवर ठेवावी, बेसन लवकर करपते. पातळ पोह्यांचा चिवडा सर्वांत सोपा : पोहे आधी कोरडे भाजा आणि दोन चमचे तेलाची फोडणी शेवटी द्या. चकली जमते पण कडक होते, आणि ती खुसखुशीत करायला मोहन वाढवले की बचत कमी होते. शेवेच्या वाटेला जाऊ नका. भज्यांचे सैल पीठ ओव्हनमध्ये पसरते, त्याला आपले आप्पेपात्र बरे.

आता दुसऱ्या चुकीच्या उत्तराकडे. ओव्हन फक्त कढईतले तेल वाचवतो. पिठात घातलेले मोहन, साखर, मैदा तो काढून टाकत नाही. बेकरीतली खारी भाजलेलीच असते, पण तिच्या प्रत्येक पापुद्र्यात चरबी असते. शिवाय २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पिठूळ पदार्थ जास्त तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे नको ते द्रव्य तयार होते. तळताना होते तसे भाजतानाही होते. म्हणून रंग सोनेरी झाला की थांबायचे, तपकिरी होऊ द्यायचा नाही. आणि मधुमेह असलेल्याने भाजलेला शंकरपाळाही मोजूनच खायचा.

तेव्हा मंडळी, भाजलेला फराळ हा उसना नाही. भाडातला मुर्रा, निखाऱ्यावरची अंगाकर, आरातले रोडगे, बेळगावचे मांडे ही त्याची वंशावळ आहे. मधल्या काळात सोवळ्याने भट्टी बाहेर ठेवली आणि स्वस्त तेलाने कढई रोजची केली, एवढाच हा इतिहास. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला कढई जरूर चढू द्या, नैवेद्याची करंजी तळा. उरलेले डबे ओव्हनमधून भरा. घरातल्या पथ्यवाल्या माणसाला सणाच्या दिवशी कोपऱ्यात सफरचंद देऊन बसवू नका, त्याच्याही ताटात चार शंकरपाळे पडू द्या. चारच, पण सगळ्यांच्या पंगतीत.

जय हिंद, जय जोहार.