पावडरचा डबा आणि मनाची उदासी

मागच्या महिन्यात बचतीचा हप्ता गोळा करताना आमच्या गटातल्या एका ताईने पिशवीतून पावडरचा डबा काढला. उदासी जाते म्हणून ७०० रुपयांना घेतलेला. त्यासाठी डॉक्टरांच्या मनाच्या गोळ्याही तिने आपल्या मनानेच बंद केल्या होत्या. आम्ही तिला हसलो नाही. खाण्याचा आणि मनाचा संबंध खरा आहे. त्याचीच ही जुनी गोष्ट, अमेरिकेतली.

शंभर वर्षांपूर्वी तिथल्या दक्षिणेत, कापसाच्या मुलखात, पेलाग्रा नावाचा आजार होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, मग झोप उडायची, मन खचायचं, शेवटी भ्रम व्हायचा. बायकांना हा आजार जास्त. कितीतरी जणी वेड्यांच्या इस्पितळात गेल्या. हा जंतूंचा रोग, असं मोठमोठे डॉक्टर सांगत.

१९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवलं. इस्पितळात रुग्णांना आजार होतो, पण त्यांच्यातच वावरणाऱ्या नोकरांना होत नाही, हे त्यांनी पाहिलं. फरक ताटात होता. गरिबाच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी, बस्स. त्यांनी अनाथाश्रमांतल्या मुलांना दूध, अंडी, मांस, कडधान्य द्यायला लावलं, आजार हटला. तरी लोक मानेनात. मग १९१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही घेतलं, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

पुढे १९३७ मध्ये उलगडलं, कमी होती ती नायसिन या जीवनसत्त्वाची. ते दिल्यावर भ्रमिष्ट झालेले रुग्ण थोड्या दिवसांत माणसांत आले.

आपल्या दख्खनमध्येही नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांना हा आजार होतो, हे १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी दाखवलं. म्हणून भाकरी सोडायची नाही हं! सोबत डाळ हवी, शेंगदाण्याची चटणी हवी.

पण नायसिनने गुण आला, कारण तेच अंगात कमी होतं. प्रत्येक उदासी कमतरतेची नसते. बाळंतपणानंतरची असते, कर्जाची असते, नवऱ्याच्या दारूची असते. तिला डबा काय करणार?

आम्ही ताईला ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मनाच्या गोळ्याही पुन्हा सुरू केल्या. दोन्ही. डबा मात्र तिने अजून टाकलेला नाही. ७०० रुपये गेलेत ना.