चला, १५७९च्या गोव्यात शाळेला

नाकाला रुमाल लावा. तुम्ही ज्या जहाजावर उभे आहात ते साडेसहा महिने समुद्रावर होतं. पायाखालच्या फळ्यांना डांबराचा वास आहे, पिंपातल्या पाण्याला शेवाळाचा, आणि खालच्या मजल्यावरून वर येतोय तो आजारी माणसांचा. कुणाच्या हिरड्या सुजून दातांवर आल्यात, कुणाचे पाय फुगलेत. लिस्बनहून निघालेल्यांपैकी सत्तावीस जणांना वाटेतच समुद्राच्या हवाली करावं लागलं.

आज २४ ऑक्टोबर. कठड्याला धरून उभा असलेला तो तिशीच्या आसपासचा तरुण पाहा. झगा मिठाने कडक झालाय, ओठ फुटलेत, नजर मात्र किनाऱ्यावरच्या माडांवरून हलत नाही. हा थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला, रोममध्ये जेझुइट झालेला. पुरोहितपदाची दीक्षा अजून व्हायची आहे, ती इथेच होईल. पुढचे काही महिने आपण याच्या मागे मागे फिरायचं. अट एकच: मध्ये तोंड उघडायचं नाही. ही अट जड जाणार आहे, कारण इथलं बोलणं तुम्हाला अर्धंअधिक कळेल आणि त्याला एक अक्षरही कळणार नाही.

होडीत उतरा, सांभाळून. मांडवीचं पाणी गढूळ आहे आणि ऑक्टोबरचं ऊन पाण्यावरून उलटून डोळ्यांत शिरतंय. धक्क्यावर पाय टेकताच जमीन हलल्यासारखी वाटेल. इतके महिने डुलत आलात, पाय अजून जहाजावरच आहेत. हमाल ओरडतायत, दोर करकरतायत, सुक्या मासळीच्या राशींवर कावळ्यांची झुंबड आहे. एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन थेट त्याच्या अंगावर येते. ‘ताजें नुस्तें जाय?’ तो मान हलवतो. हो की नाही, ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. ती हसून पुढे जाते. तुमच्या जिभेवर उत्तर आलंय, पण अट आठवा.

शहरात चला. मुख्य रस्त्यावर सकाळचा लिलाव भरलाय. अरबी घोड्यांच्या घामाचा वास, रेशमाचे गठ्ठे, चिनी मातीची भांडी, आणि याच रस्त्यावर विकायला उभी केलेली माणसं. तिथून नजर काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही. छत्र्यांच्या सावलीत पालख्या सरकतात. पलीकडे मोठ्या चर्चचं बांधकाम चालू आहे. छिन्नीचे घाव आणि जांभ्या दगडाची तांबडी धूळ घामावर येऊन बसते. गर्दीत पोर्तुगीज, गुजराती, अरबी, मल्याळी सगळं एकदम ऐकू येतं आणि त्या सगळ्याखालून सतत वाहणारी इथली, घराघरातली बोली.

रात्री सेंट पॉल कॉलेजात मुक्काम. फ्रान्सिस झेवियरचा देह या दिवसांत इथल्याच चर्चमध्ये आहे. आवारात नाना देशांची, नाना वर्णांची मुलं लॅटिन घोकतात. जेवणाच्या वेळी कुणी बोलत नाही. एकजण उभा राहून वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात. तुमच्याही पुढे भात येतो, त्यावर माशाचं कालवण. मग खोली, पाठीला रुतणारं बाजलं आणि डास. झोप लागते न लागते तोच घंटा. बाहेर अजून काळोख आहे. गुडघे टेका, मौन धरा, मनातल्या मनात काल काय चुकलं त्याचा हिशेब करा. स्टीफन्सला याची सवय आहे. रोमच्या उमेदवारीत त्याला अशाच घंटा होत्या, शिवाय स्वयंपाकघरात भांडी घासणं आणि इस्पितळात रुग्णांची सेवा. आज्ञा पाळायला तो तिथे शिकला. ऐकायला मात्र इथे शिकणार आहे.

आता त्याच्या शेजारी चटईवर बसा, धडा सुरू होतोय. समोर एक म्हातारबाबा, पान खाऊन ओठ लाल झालेले. पुस्तक शोधू नका, ते नाही. या भाषेचं छापील व्याकरण कुणी केलेलं नाही, कोश नाही. गोव्यात छापखाना येऊन वीसेक वर्षं झाली, पण आपल्या अक्षरांचे खिळे त्यात नाहीत. आहे तो फक्त बाबांचा आवाज.

बाबा ताटाकडे बोट दाखवतात. ‘ताट.’

तो म्हणतो, ‘टाट.’

‘ताट.’

‘तात.’

तुम्ही खुर्चीच्या, म्हणजे चटईच्या काठावर आलात ना? जीभ आधी दातांना, मग टाळूला. आपल्याला हे कधी कुणी शिकवलं नाही, आईच्या दुधाबरोबर आलं. त्याला एकेक जागा शोधावी लागतेय. कपाळावरून घाम ओघळतो, कागदावर पडतो, शाई पसरते. बाबा तोंड उघडून जीभ वर वळवून दाखवतात. तो वाकून पाहतो आणि पुन्हा म्हणतो, पुन्हा म्हणतो. या मिशनऱ्यांनी पुढे त्यावर युक्ती काढली: रोमन लिपीत ‘त’साठी एक अक्षर आणि ‘ट’साठी तेच अक्षर दोनदा.

मग एके दिवशी त्याचे डोळे चमकताना दिसतील. घर तेच, पण ‘घराक’, ‘घरांत’, ‘घराचें’ म्हणताना शेपूट बदलतं आणि अर्थ बदलतो. लिंगं तीन. हे सगळं त्याने लॅटिनमध्ये पाहिलंय! १५८३मध्ये भावाला पत्र धाडताना तो लिहील, की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. भाषापंडित विल्यम जोन्सने तेच सांगून जगाला चकित करायला अजून दोनशे वर्षं आहेत.

पण चटईवर बसून भाषा पुरी होत नाही. चला गोव्यातल्याच साष्टी मुलखात. पायवाट खाडीकाठाने जाते. गुडघाभर चिखल, भाताच्या लोंब्यांचा गोडसर वास, माडी काढून माडावरून उतरणाऱ्या रेंदेराच्या मडक्याभोवती घोंघावणाऱ्या माश्या. पोरांचं टोळकं मागे लागतं. तो एक वाक्य बोलतो, पोरं खो खो हसतात, एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून त्याला नीट म्हणायला लावते. तो म्हणतो. पुढच्या वळणावर पडक्या चौथऱ्याशी पावलं मंदावतात. इथली देवळं पाडली त्याला फार वर्षं झाली नाहीत. ओटीवर बसलेली एक आजी त्याच्या झग्याकडे पाहते आणि काही न बोलता आत जाते. तिचं न बोलणंही तुम्हाला कळतं. जे राज्य ते घाव घालतं, त्याच राज्याच्या जहाजातून हा आलाय, हे विसरून इथे फिरता येणार नाही.

आणि तरीही कान उघडे ठेवा. पहाटे कुठल्याशा घरात जातं फिरायला लागतं. घरघरीवर बाईचा आवाज चढतो, ओवीचे तीन चरण लांब, चौथा आखूड, मग श्वास, मग पुढची ओवी. दुसरीकडे कुणी रामाची गोष्ट सांगतो, कुणी पांडवांची. ज्या कथा त्यांच्या धर्माच्या नाहीत त्या या पाद्र्यांनी रोमन अक्षरांत उतरवून घेतल्या. गोव्यातली तशी सोळाव्या शतकातली हस्तलिखितं पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात आजही आहेत. घरी बोलतात ती कोकणी आणि कथापुराणात ऐकतात ती मराठी, दोन्ही अशाच कानांनी टिपल्या गेल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तो परत गेला नाही. जवळजवळ चाळीस वर्षं इथेच राहिला. १६१६मध्ये साष्टीतल्याच रायतूरच्या छापखान्यात त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं, मराठीतलं, अक्षरं रोमन. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये निघालं. मराठीवरच्या त्याच्या प्रेमाचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आणि ते योग्यच आहे.

पण तुम्ही आता तिथे जाऊन आलात. ते प्रेम कुणी लावलं हे तुम्ही पाहिलंत. जीभ वळवून दाखवणारा म्हातारा, टोपलीवाली, कमरेवर हात ठेवून चूक सुधारणारी पोर, जात्यावरची बाई: यांच्यातल्या कुणाचंही नाव कुठल्या मुखपृष्ठावर नाही. दुखावल्या गेलेल्या मुलुखातल्या माणसांनी एका परक्याला आपली भाषा दिली, एकेक शब्द, न कंटाळता. क्रिस्तपुराणाच्या ओव्यांत स्टीफन्सची श्रद्धा आहे, पण त्यांची लय या माणसांची आहे. म्हणून यापुढे स्टीफन्सचं नाव घ्याल तेव्हा त्याच्या गुरुजनांनाही नमस्कार करा. आणि उद्या बाजारात, गाडीत, शेजारच्या दारात कुणी अडखळत मराठी बोलू लागलं, तर हिंदीत उत्तर देऊन मोकळे होऊ नका. थांबा, ऐका, नीट शब्द सांगा. आता बोलायला तुम्हाला बंदी नाही.