छोट्या पडद्यावरील गुणी मुले आणि घरची शाबासकी

मुरुड - गुणी मुलगा, त्याच्या आवडीकडे पाठ फिरवणारे वडील आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात पाणावणारे त्यांचे डोळे, ही कौटुंबिक मालिकांची हमखास रंगणारी मांडणी आहे. मुलात गुण आहेत की नाहीत, हा तेथे प्रश्नच नसतो. ते आई-वडिलांना कधी दिसणार, यावर सारे नाट्य उभे असते.

'स्टार प्रवाह'वरील 'आई कुठे काय करते' (२०१९ ते २०२४) या मालिकेत डॉक्टर झालेला थोरला अभिषेक हा वडिलांचा अभिमान होता. संगीतात रमणाऱ्या तरुण यशला आधार होता तो आईचा. 'झी मराठी'वर २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'उंच माझा झोका'ने हा विषय एकोणिसाव्या शतकात नेला. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. पती न्या. महादेव गोविंद रानडे त्यांना शिकवीत; विरोध घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा होता.

मोठ्या पडद्यावर महेश मांजरेकर यांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' (२०१०) या चित्रपटाने हा संघर्ष टोकाला नेला. क्रिकेटमध्ये चमकणाऱ्या मुलाने अभ्यासातच गुण मिळवावेत, या हट्टापायी वडिलांचा हात उठतो आणि मुलगा बेशुद्धावस्थेत जातो. वडिलांना जाग येते, ती त्यानंतर.

पडद्यामागचे वास्तव

'झी मराठी'च्याच 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मध्ये (२००८-०९) मात्र निराळे चित्र दिसले. विजेती ठरलेली आळंदीची कार्तिकी गायकवाड ही संगीतशिक्षक वडिलांची कन्या, तर आर्या आंबेकरची आई स्वतः गायिका. या मुलींना घरची शाबासकी टाळ्यांनंतर मिळाली नाही. त्यांचा पहिला गुरू घरातच होता. मालिकेतील पालक अडथळा म्हणून उभे राहतात, येथे ते पायरी ठरले.

याच पर्वातील मुग्धा वैशंपायन अलिबागची. तिच्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावरील घरांना तो मंच जवळचा वाटला. मात्र अलिबागपासून सुमारे ५० किलोमीटरवरील मुरुडला रेल्वे नाही. जवळचे स्थानक रोहा. गाणे असो वा खेळ, पुढील शिक्षणासाठी मुलाला बाहेरगावी धाडायचे, तर एसटीचे भाडे, शिकवणीचे शुल्क आणि सोबतीला कोणी जायचे, याचा विचार घरात आधी होतो. अशा घरातील वडिलांचा नकार हा नेहमीच कठोरपणा नसतो. अनेकदा तो हिशेब असतो. मालिकांच्या संवादांत या हिशेबाला फारशी जागा मिळत नाही.

यश मिळाल्यावर होणारे कौतुक पडद्यावर शोभून दिसते. दहावीच्या उंबरठ्यावरील मुलाला गरज असते ती निकालापूर्वीच्या विश्वासाची. तो प्रसंग मालिकांत अजूनही विरळाच आहे.