पुसलेले नाव आणि उरलेले काम

संगणकावरची फाईल पुसली म्हणजे नेमके काय पुसले जाते, हा प्रश्न यंत्रज्ञांचा वाटतो. त्याचा इतिहास पाहू लागलो म्हणजे मात्र तो श्रमाचाही प्रश्न आहे, असे आम्हांस दिसते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली उभारण्यास आरंभ केला. तिच्यात फाईलचे नाव एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे. नाव सूचीत असते. मजकूर डिस्कवर कोठे ठेवला आहे याची नोंद वेगळीच असते, तिला आयनोड म्हणतात. 'आरएम' ही आज्ञा सूचीतले नाव तेवढे काढते. शेवटचे नाव गेले आणि कोणताही चालू प्रोग्राम ती फाईल उघडून बसलेला नसला, म्हणजे तिची जागा मोकळी ठरते. मजकूर बहुधा तत्क्षणी नष्ट होत नाही. खोलीवरची पाटी काढली, तरी नवा भाडेकरू येईपर्यंत सामान आतच राहावे, तसा तो राहतो. म्हणूनच चुकून फाईल पुसली गेली, तर त्या डिस्कवर लिहिणे आधी थांबवावे लागते. परंतु हा भरवसा अपुरा आहे. खरा आधार वेगळ्या ठेवलेल्या प्रतीचाच.

१९९८ साली कॅलिफोर्नियातील पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता कोणीतरी ही आज्ञा मूळ संग्रहावरच चालवली. पडद्यावर वुडी या पात्राची टोपी गेली, बूट गेले, मग वुडीच गेला. सुमारे ९० टक्के काम नाहीसे झाले. राखीव प्रती पाहाव्यात, तर ती व्यवस्थाही बिघडलेली!

तेव्हा गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेस आठवले की, आपल्या घरी प्रत आहे. दुसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर त्या बरेचसे काम घरून करीत आणि त्यासाठी दर आठवड्यास सारा संग्रह घरच्या संगणकावर उतरत असे. ते यंत्र ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीने आणले आणि चित्रपट हाती लागला. बाळंतिणीला मिळालेल्या सवलतीने मालकाचे भांडवल वाचवले, हे विसरता कामा नये.

पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल लिहितात की, आज्ञा देणाऱ्यास शोधून शिक्षा करणे आमच्या कार्ययादीत नव्हतेच. कारखान्यात काही बिघडले की प्रथम माणूस धरायचा आणि मग यंत्र पाहायचे, ही रीत आम्ही आयुष्यभर पाहिली. म्हणून हा शहाणपणा आम्हांस मोलाचा वाटतो. पण तेच हेही नमूद करतात की, पुढे कथा बदलून तो चित्रपट अवघ्या नऊ महिन्यांत पुन्हा घडवताना एकतृतीयांश कामगारांना हातांच्या अतिश्रमाची दुखणी जडली. चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. २०२३ साली पिक्सारने ७५ जागा कमी केल्या. त्यांत सुसमनबाईही होत्या.

सूचीतून नाव काढायला एक आज्ञा पुरते; केलेले काम तसे पुसता येत नाही. राखीव प्रत खरोखर उघडते की नाही, हे पाहण्याचे काम कोणाकडे आहे? त्यासाठी त्याला वेळ आणि वेतन मिळते काय? प्रत्येक कचेरीत हे प्रश्न अपघातापूर्वीच विचारले गेले पाहिजेत.