चिलटं आणि आबांचा चहा

आबांचा हात थरथरायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. बशीतला चहा सांडायचा आणि आत्या त्यांच्यावर खेकसायची. आजाराचं नाव फार उशिरा कळलं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या कंपाबद्दल १८१७ मध्येच लिहिलं होतं. पण १९९७ मध्ये कुठे मूळच्या इटलीतल्या एका मोठ्या कुटुंबात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला. आता जिवंत माणसाचा मेंदू उघडून कोण बघणार? मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी २००० मध्ये ते मानवी जनुक चिलटांत घातलं. हो, पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तीच! त्यांच्यात हे प्रथिन मुळात नसतंच. तरी त्यांच्या मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या आणि रुग्णांच्या मेंदूत दिसतात तशाच गुठळ्या झाल्या.

परीक्षा अगदी साधी. नळी आपटायची, चिलटं तळाशी पडतात, मग किती वर चढतात ते मोजायचं. ही तरुणपणी सरसर चढायची, पुढे मात्र तळाशीच राहायची. त्याच वयाची साधी चिलटं अजून चढत होती! इथे मी वाचायचा थांबलो. म्हणजे नुसतं वय नव्हतं तर...

पुढे २००६ मध्ये चिलटांमधूनच पिंक१ आणि पार्किन ही जनुकं एकाच साखळीतली असल्याचं कळलं. पेशीला ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया ती सांभाळतात. रोग थांबवणारं औषध अजूनही नाही.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी उगाच ओरडायचे रे त्यांना."