वस्त्रविद्येची देवघेव

आज आपणांशीं कापडाविषयीं बोलावयाचें आहे. पण बाजारांतल्या नव्हे, शाळेंतल्या कापडाविषयीं. वस्त्रांची रचना शिकविणाऱ्या देशोदेशींच्या विद्यापीठांत हल्लीं करार होत असतात. इकडचे विद्यार्थी तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात. आणि पृथ्वीची नासाडी न करतां कपडा कसा करावा, हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय होऊन बसला आहे. ही देवघेव आपणांस नवी वाटते. वस्तुतः तिचा आरंभ दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि तो मोठा चमत्कारिक आहे.

१८६६ सालीं लंडनच्या इंडिया ऑफिसांतील जॉन फोर्ब्स वॉटसन ह्या अधिकाऱ्यानें हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून, पानांवर बसवून, १८ खंडांचा एक संच सिद्ध केला. नमुन्याबरोबर पन्हा, लांबी, वजन आणि कापड कोठलें, ह्याची नोंद. असे २० संच केले. पैकीं १३ विलायतेंत ठेवले, ७ इकडे धाडले. हेतु उघड होता. इकडच्या लोकांस काय रुचतें हें तिकडच्या गिरणीवाल्यांनीं घरबसल्या शिकावें, आणि तसेंच विणून इकडे विकावें! ह्या ग्रंथास मी वस्त्रविद्येचें क्रमिक पुस्तक म्हणतों. त्यांतले गुरु आमचे विणकर; परंतु नोंदींत गांव येई, विणकर येत नसे.

वॉटसनानें एक गोष्ट मात्र नेमकी हेरली होती. लुगडें, धोतर, उपरणें हीं वस्त्रें मागावरूनच पुरीं होऊन उतरतात. त्यांस कातर लागत नाहीं. शिवलेल्या कपड्याचें तसें नाहीं. तो बेततांना कापडाचा सुमारें सातवा हिस्सा कातरणांत जातो, असा अंदाज जाणकार सांगतात. हें कातरण मुळींच न पडेल असें बेतावें कसें, हा विषय न्यूयॉर्कच्या पार्सन्स विद्यालयांत वर्ग भरवून शिकविला गेला आहे. तें वाचलें तेव्हां मला माझ्या आईचें नऊवारी आठवलें. तें जीर्ण झालें कीं त्याची गोधडी होई, गोधडी विरली कीं पोतेरें होई. ह्याला कोणी विद्या म्हणत नसे. आमच्या शाळेंत सूतकताईचा तास असे, पण त्या तासाला टवाळी करावयाची हा जणूं नियमच होता. आणि टवाळखोरांत मीहि होतों, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें शिक्षक उलट दिशेनें येऊं लागले. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालीं निघालें. तेथें १८६५ मध्यें लॉकवुड किपलिंग शिल्पकला शिकविण्यास आले. त्यांनीं इकडच्या कारागिरांचीं काम करतांनाचीं चित्रें रेखाटलीं, तीं आजहि पाहण्याजोगीं आहेत. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हें अमेरिकन दांपत्य आलें. १९५८ च्या त्यांच्या अहवालांत सर्वांत अधिक कौतुक झालें तें आपल्या साध्या लोट्याचें! त्यांतूनच १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. तेथें १९६८ मध्यें फिनलंडहून हेलेना पेर्हेनटूपा आल्या आणि वस्त्ररचनेच्या शिक्षणास त्यांनीं आपलें बहुतेक कार्यजीवन वाहिलें. कारागिरांच्या वस्तींत जाऊन त्यांच्या कामाची नोंद करणें हा त्या संस्थेंतील अभ्यासाचा भाग झाला. वॉटसनचा कापडाचा तुकडा आणि ही नोंद ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. एकींत माणूस गळलेला, दुसरींत माणसापासूनच प्रारंभ.

१९८६ सालीं दिल्लीस राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था निघाली, ती न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्यानें. तयार कपड्यांची निर्यात वाढविणें ही त्या काळची निकड होती, आणि त्या निकडीस मी नांवें ठेवीत नाहीं. पोटास रोजगार लागतोच. परंतु स्वस्त आणि झटपट कपड्याची किंमत कोण भरतो, हा प्रश्न पुष्कळ वर्षें वर्गाच्या दाराबाहेर ताटकळत राहिला. लंडन कॉलेज ऑफ फॅशननें २००८ सालीं ह्या विषयासाठीं स्वतंत्र केंद्र काढलें होतें. तरी जग खडबडून जागें झालें तें २४ एप्रिल २०१३ रोजीं. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही शिवणकारखान्यांची इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं. आदल्याच दिवशीं भिंतींस तडे दिसले होते. तरीहि कामगारांस आंत बोलाविण्यांत आलें.

आज दोन विद्यापीठें करार करतात तेव्हां सह्या दोन कुलसचिवांच्या असतात. विणकराची सही तेथें कोठें असावी, हें मी शोधीत असतों. कच्छांत तिचा थोडासा माग लागतो. ज्यूडी फ्रेटर ह्या अमेरिकन बाईंच्या पुढाकारानें तेथें २००५ सालीं कला रक्षा विद्यालय निघालें, आणि २०१४ मध्यें त्याच धर्तीवर सोमैया कला विद्या. येथें विणकर, बांधणीकार, अजरख छापणारे हेच विद्यार्थी. शेतीचे आणि सणांचे दिवस सांभाळून थोड्याथोड्या दिवसांचे वर्ग भरतात, शिक्षणाची भाषा त्यांची स्वतःची. त्यांतले कांहीं कारागीर पुढें स्वतःच शिकवूं लागले. आतां दूरदेशींचीं मुलें येऊन त्यांच्याजवळ बसतात, आणि बांधणीची बारीक गांठ सुटूं न देतां कशी मारावी, तें त्यांच्या हाताकडे पाहून शिकतात.